नियमात बसतंय म्हणून

लुटनमध्ये राहणाऱ्याला २००९ चं ब्रिटिश खासदारांच्या खर्चाचं प्रकरण समजून घ्यायला लंडनला जायची गरज नव्हती, सगळं गावातच होतं. लंडनच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव, आपल्याकडे बऱ्याच जणांना फक्त विमानतळामुळे माहीत असलेलं. गावाला खासदार दोन. उत्तर लुटनला केल्विन हॉपकिन्स आणि दक्षिण लुटनला मार्गारेट मोरान. दोघंही लेबर पक्षाचे, दोघंही १९९७ ला टोनी ब्लेअरच्या लाटेत पहिल्यांदा निवडून आलेले, नियमांचं पुस्तक तेच, लंडनला जाणारी रेल्वेलाइनसुद्धा तीच. हॉपकिन्स घरून ट्रेनने पार्लमेंटला जायचे आणि रात्री परत यायचे, लंडन आणि मतदारसंघ अशा दोन ठिकाणी राहावं लागतं म्हणून दुसऱ्या घरासाठी खासदारांना जो भत्ता मिळायचा त्यातून ते अगदी किरकोळ काहीतरी घेत. मोरानबाईंनी त्याच भत्त्यातून साउदॅम्प्टनमधल्या एका घराच्या लाकडाला लागलेली बुरशी काढायला २२,५०० पौंड घेतले. ते घर त्यांच्या जोडीदाराचं, लुटनपासून शंभर मैलांवर, म्हणजे पार्लमेंटच्या जवळ नाही आणि मतदारसंघात तर नाहीच.

बातमी आल्यावर मोरानबाईंचं म्हणणं एवढंच होतं की हे सगळं नियमात बसतं.

त्या मे महिन्यात हे एकच वाक्य सगळ्या पक्षांच्या लोकांनी इतक्या वेळा म्हटलं की नंतर नंतर टीव्हीवर कोणाचं तोंड उघडायच्या आधीच ते ऐकू यायचं. आणि माझं आजही ठाम मत आहे की लोकांचा विश्वास जितका पैशांमुळे उडाला त्याहून जास्त या वाक्यामुळे उडाला. पैसे परत करता येतात, बऱ्याच जणांनी केलेही. पण आपण ज्याला निवडून दिलं त्याला काय योग्य आणि काय अयोग्य हे कळायला पुस्तक उघडावं लागतं, आणि ते पुस्तकही त्यानेच लिहिलेलं, हे एकदा दिसलं की मग काय उरतं?

मी तेव्हा लुटनमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते, आणि माझं निम्मं काम म्हणजे सेल्सच्या लोकांचे एक्सपेन्स क्लेम तपासणं. महिनाअखेरीला पाकिटं यायची, त्यात ए-फोर कागदावर स्टेपल केलेल्या पावत्या, पार्किंगचं तिकीट, कुठल्यातरी मोटरवे सर्व्हिसेसमधल्या सँडविचचं बिल, आणि हमखास एखादी पेट्रोलची पावती गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पडून राहिल्याने पार कोरी झालेली. कोरी पावती म्हणजे पैसे नाहीत. माणूस ओळखीचा असो, रोज आपल्यासोबत चहा पिणारा असो, नाही म्हणजे नाही, कारण टॅक्सवाल्यांचा नियमच असा की खर्च पूर्णपणे, फक्त आणि गरजेपुरता कामासाठीच झालेला पाहिजे. आणि गंमत म्हणून नाही, अगदी गंभीरपणे सांगते, खासदारांच्या भत्त्यांच्या पुस्तकात, ज्याला तिकडे ग्रीन बुक म्हणायचे, त्यातसुद्धा शब्दशः हीच अट छापलेली होती. फक्त त्यांना बरीच वर्षं २५० पौंडांच्या आतल्या खर्चाला पावतीच लागत नव्हती, आणि जेवणाखाणासाठी महिन्याला ४०० पौंडांपर्यंत काही न दाखवता घेता यायचे. आमच्या ऑफिसातला एक सेल्सवाला, ज्याचं सात पौंडांचं बिल मी परत पाठवलं होतं, तो पेपर घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि काही न बोलता त्या बातमीवर बोट ठेवून उभा राहिला. काय बोलणार त्याला?

आता हे सगळं बाहेर कसं आलं तेही सांगायला हवं, कारण विश्वास परत कसा येईल या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच दिसतं. ब्रिटनचा माहितीचा कायदा २००० चा, लागू झाला १ जानेवारी २००५ ला. आपल्याकडे महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीच २००२ ला आला होता आणि देशाचा २००५ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे या बाबतीत आपण काही मागे नव्हतो. हेदर ब्रूक नावाची पत्रकार, अमेरिकेत वाढलेली, तिथे सरकारी कागद मागून बघायची सवय असलेली, तिने २००४ पासूनच खासदारांच्या खर्चाचे तपशील मागायला सुरुवात केली. पार्लमेंटने नाही म्हटलं. मग माहिती आयुक्त, मग ट्रायब्युनल, मग हायकोर्ट, आणि मे २००८ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की हे लोकांचे पैसे आहेत, दाखवा. मधल्या काळात पार्लमेंटलाच या कायद्यातून वगळायचं विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, पासही झालं होतं, ते लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, मांडायला कोणी तयार झालं नाही म्हणून बारगळलं. हायकोर्टात हरल्यावरही जानेवारी २००९ मध्ये सरकारने पुन्हा एकदा पळवाट काढायचा प्रयत्न केला आणि ओरड झाल्यावर सोडून दिला. शेवटी सगळी माहिती असलेली डिस्क गुपचूप बाहेर आली, डेली टेलिग्राफने पैसे मोजून ती मिळवली आणि ८ मे २००९ पासून रोज छापायला लागले.

लोकांच्या लक्षात काय राहिलं तर बदकांचं घर. पीटर विगर्स यांनी तळ्यातल्या बदकांसाठीच्या १,६४५ पौंडांच्या लाकडी घरकुलाचा क्लेम केला होता, खरं तर तो मंजूर झालाच नव्हता, पण आजही कोणालाही विचारा, बदकं आठवतात. दुसरं म्हणजे डग्लस हॉग यांच्या खर्चाच्या यादीतले वाड्याभोवतीचा खंदक साफ करायचे २,११५ पौंड. मला मात्र या गोष्टींनी तेवढा राग आला नाही. राग आला तो फ्लिपिंगचा, म्हणजे आज एक घर ‘दुसरं घर’ म्हणून दाखवायचं, त्याची डागडुजी सरकारी पैशाने करून घ्यायची, मग कागदावर वेगळ्याच घराला ‘दुसरं घर’ करायचं, आणि हे एखाद्याने नाही, अनेकांनी केलेलं. एलियट मोर्ली यांनी तर फिटून गेलेल्या होमलोनचे हप्ते दाखवून १६,००० पौंडांवर उचलले. डेव्हिड चेटर यांनी स्वतःच्याच फ्लॅटचं भाडं घेतलं, मुलीला घरमालक दाखवून. ही उघड फसवणूक होती, ती कुठल्याच नियमात बसत नव्हती, पण ती ज्या जमिनीत उगवली ती जमीन त्या "नियमात बसतं"वाल्यांनीच नांगरून ठेवलेली होती.

या जमिनीचीही एक जुनी गोष्ट आहे, ती इथल्या म्हाताऱ्या लोकांकडून मी बऱ्याचदा ऐकली. ऐंशीच्या दशकापासून खासदारांचा पगार वाढवायची वेळ आली की प्रत्येक सरकार घाबरायचं, लोक काय म्हणतील, पेपरवाले काय लिहितील, मग पगार दाबून ठेवायचा आणि भत्ते सैल सोडायचे, आणि खासदारांना आतून असंच वाटायला लागलं की तो भत्ता म्हणजे आपला राहिलेला पगारच आहे. फीज ऑफिस म्हणजे जिथे हे क्लेम मंजूर व्हायचे, तिथले कर्मचारी शेवटी खासदारांच्याच हाताखालचे. म्हणजे लोकांसमोर खरं बोलायचं धाडस नव्हतं म्हणून मागच्या दाराने सोय केली, आणि हे मला महाराष्ट्रातल्या वाचकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे आमदारांचा पगार आमदारच ठरवतात, घटनेतच तशी तरतूद आहे, आणि वाढ करायची वेळ आली की सत्ताधारी आणि विरोधक यांचं एकमत व्हायला फार वेळ लागत नाही. तळं राखील तो पाणी चाखील असं आपण सहज म्हणून जातो, त्यात एक प्रकारची माफी असते, ती माफी आपणच देत असतो.

१८ जून २००९ ला पार्लमेंटने स्वतः कागद प्रसिद्ध केले. मी त्या रात्री बसले बघत. गार्डियनने ती सगळी पानं, साडेचार लाखांहून जास्त, लोकांसमोर ठेवली होती की ज्याला जमेल त्याने तपासा, आणि आपलं तर कामच ते. एकेक पान उघडायचं. काउन्सिल टॅक्सचं बिल, त्यावर पत्ता काळा. प्लंबरचं बिल, पत्ता काळा, कुठे काम केलं ते काळं. मॉर्गेजचं स्टेटमेंट, वरपासून खालपर्यंत काळे पट्टे आणि मधे एकच आकडा उघडा. आता पत्ताच नाही तर घर बदललं की नाही हे कसं कळणार? म्हणजे टेलिग्राफने आधी छापलं नसतं तर फ्लिपिंग हा प्रकार या कागदांतून आम्हाला कधीही दिसला नसता. सुरक्षेचं कारण मी समजू शकते, घराचा पत्ता झाकायला हरकत नाही, पण मग ‘तेच घर’ की ‘वेगळं घर’ एवढं तरी लिहायचं. कोर्टात हरून, रोज पेपरात नाचक्की होऊन, १६९५ नंतर पहिल्यांदाच एका स्पीकरला, मायकल मार्टिन यांना, खुर्ची सोडायला लागूनसुद्धा जे हातात दिलं ते हे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

आणि त्याच जूनमध्ये दुसरं काय झालं ते लुटनमध्ये राहणारी माझ्यासारखी बाई विसरूच शकत नाही. ४ जूनला युरोपियन पार्लमेंटचं मतदान झालं आणि बीएनपी, म्हणजे ब्रिटिश नॅशनल पार्टी हा उघड वर्णद्वेषी पक्ष, त्यांचे पहिल्यांदाच दोन जण निवडून गेले. आमच्या गावात मार्चमध्ये सैनिकांच्या संचलनाच्या वेळी निदर्शनं झाली होती, त्यावरून वातावरण आधीच तापलेलं, आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लिश डिफेन्स लीग ही मुस्लिमविरोधी संघटना इथेच जन्माला आली. मी असं म्हणत नाहीये की खर्चाच्या भानगडीमुळे हे झालं, त्याची कारणं वेगळी होती आणि बरीच जुनी होती. पण तेव्हा बसस्टॉपवर, दुकानात, ऑफिसच्या किचनमध्ये जे कानावर पडायचं ते असं की हे सगळे चोरच आहेत, मग निदान मनातलं बोलणाऱ्याला मत दिलेलं काय वाईट? "सगळे चोर" हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी वाटतं, आपल्याकडे तर पारावर ते रोजच म्हटलं जातं. पण त्याने चोराचं काहीच बिघडत नाही, तो गर्दीत लपतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं. आणि रिकाम्या झालेल्या जागेत जो येतो त्याचा पहिला त्रास आमच्यासारख्या लोकांना होतो, ज्यांचं नाव आणि चेहरा लगेच वेगळा दिसतो.

इथे एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते ती सांगते. भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ देशाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्याला इथल्या निवडणुकीत मत देता येतं, पार्लमेंटच्यासुद्धा. तर मे २०१० ला दक्षिण लुटनच्या मतपत्रिकेवर शिक्का मारणाऱ्यांत, म्हणजे इथे पेन्सिलीने फुली मारतात, मीही होते. मोरानबाई उभ्या राहिल्या नाहीत, देशभरात मिळून १४९ खासदारांनी त्या वेळी निवडणूक न लढवायचं ठरवलं होतं. आमच्याकडे अपक्ष म्हणून एस्थर रँटझन उभ्या राहिल्या, टीव्हीवरचं मोठं नाव, भ्रष्ट खासदारांच्या विरोधात म्हणून आलेल्या. सगळ्यांना वाटलं आता काहीतरी वेगळं होणार. त्या चौथ्या आल्या आणि डिपॉझिट गेलं, आणि जिंकला तो लेबरचाच नवा तरुण उमेदवार. बाहेरचे लोक म्हणाले, लुटनवाल्यांना काही फरकच पडत नाही. मला तसं वाटत नाही. लोकांना स्वच्छ माणूस हवाच होता, पण स्वच्छ असणं ही एवढी एकच गोष्ट घेऊन कोणी गावात आलं तर ते पुरत नाही, शाळेत ॲडमिशन, घरांची वेटिंग लिस्ट, बरी पार्क या इथल्या वस्तीचे प्रश्न, हे कोण बघणार? रागाच्या भरात लोक मत देतील असं गृहीत धरणाऱ्यांना आमच्या गावाने बरंच शांतपणे उत्तर दिलं.

पुढे कोर्टं उभी राहिली. मोर्ली, चेटर आणि जिम डिव्हाइन यांनी म्हटलं की आमचे क्लेम हे संसदेच्या कामकाजाचा भाग आहेत, १६८९ च्या कायद्याने आम्हाला संरक्षण आहे, साध्या कोर्टात आमच्यावर खटला चालू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ते फेटाळलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात विश्वास परत आणणारा जर कुठला एक क्षण असेल तर तो हा. चेटर यांना १८ महिने, मोर्ली आणि डिव्हाइन यांना १६-१६ महिने कैद झाली. मोरान यांच्यावर मानसिक आजारामुळे नेहमीसारखा खटला चालला नाही, पण २०१२ मध्ये ज्युरीने ५३,००० पौंडांहून जास्त रकमेचे खोटे क्लेम त्यांनी केल्याचं ठरवलं, आणि कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेख आणि उपचारांचा आदेश दिला. ते मला बरोबर वाटलं. कोणाला तरी तुरुंगात सडवायचं हा हेतू नव्हताच. आणि हॉपकिन्स? २०१७ मध्ये त्यांच्यावर अगदी वेगळ्या, लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी झाल्या, पक्षाने निलंबित केलं, त्यांनी आरोप नाकारले. म्हणून मी त्यांना देवमाणूस म्हणून उभं करत नाहीये. माणूस एका हिशोबात चोख असला म्हणजे सगळ्यात असेल असं नाही, विश्वाससुद्धा त्या त्या बाबतीतला वेगवेगळा तपासावा लागतो.

नवीन व्यवस्था म्हणून इप्सा नावाची स्वतंत्र संस्था आली, आता क्लेम ती तपासते, प्रसिद्ध करते, आणि पगारही तीच ठरवते. थॉमस लेग या निवृत्त सनदी अधिकाऱ्याने जुने हिशोब तपासून साडेतीनशेहून जास्त आजी-माजी खासदारांकडून मिळून ११ लाख पौंडांवर रक्कम परत मागितली. अकाउंट्सवाली म्हणून मी सांगते, यंत्रणा चांगली आहे. कोणीही उठून आपल्या खासदाराने ट्रेनच्या तिकिटाला किती घेतले ते बघू शकतं, आणि २००९ सारखं घरांचं प्रकरण परत झालेलं नाही.

मग विश्वास आला का परत? इप्सॉस या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीच्या पाहणीत २००९ मध्ये राजकारणी खरं बोलतात असं मानणारे १३ टक्के होते, २०२३ मध्ये ९ टक्के. म्हणजे एवढं सगळं करून अजून खालीच. मधे पार्टीगेट, म्हणजे कोविडच्या लॉकडाउनमधल्या सरकारी पार्ट्यांचं प्रकरण झालं, बाकीही पुष्कळ झालं, सगळा दोष एका गोष्टीला देता येणार नाही. पण जिथे जिथे खासदारांनी आपल्याच माणसाचा न्याय केला तिथे तिथे घाव परत उघडला हे स्पष्ट दिसतं. २०१४ ला मंत्री मारिया मिलर यांनी ४५,००० पौंड परत करावेत अशी स्वतंत्र आयुक्तांची शिफारस होती, खासदारांच्या समितीने ते ५,८०० वर आणले आणि बाईंनी सभागृहात ३२ सेकंदांत माफी मागितली, काही दिवसांत मंत्रिपद गेलंच. २०२१ ला कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार ओवेन पॅटरसन यांना वाचवायला सरकारने नियमच बदलायचा घाट घातला, दुसऱ्या दिवशी माघार घ्यावी लागली, आणि पॅटरसन यांनी राजीनामा दिल्यावर त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या भरवशाच्या मतदारसंघाने पोटनिवडणुकीत पक्षाला घरी पाठवलं.

याच्या उलट वेल्समधलं ब्रेकनचं उदाहरण मला फार आवडतं, आणि ते रक्कम अगदी छोटी आहे म्हणून आवडतं. तिथले खासदार क्रिस डेव्हिस यांनी ऑफिसच्या भिंतींवर लावायला ७०० पौंडांचे नऊ फोटो घेतले. तो खर्च कायदेशीर होता, मागितला असता तर मिळाला असता. पण एका बजेटमध्ये पुरेसे पैसे शिल्लक नव्हते म्हणून त्यांनी दोन खोटी बिलं बनवली आणि दोन बजेटमध्ये वाटली. मी माझ्या नोकरीत असली बिलं पाहिलेली आहेत, कोणाच्या खिशात काही जात नाही, फक्त कागद जुळवायला म्हणून केलेली, आणि करणाऱ्याला मनापासून वाटत असतं की यात काय एवढं. कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला, दंड झाला. २०१५ च्या कायद्याप्रमाणे खासदाराला परत बोलवायची याचिका निघाली, सहा आठवड्यांत १० टक्के मतदारांच्या सह्या लागतात, १०,००५ जणांनी सह्या केल्या, म्हणजे १९ टक्के. जागा रिकामी झाली. डेव्हिस परत उभे राहिले, तो त्यांचा हक्क होता, आणि ऑगस्ट २०१९ च्या पोटनिवडणुकीत जेमतेम दीड हजार मतांनी हरले. बघा म्हणजे, तिथे कोणी "सगळे चोर" म्हटलं नाही. एका माणसाने एक गोष्ट चुकीची केली, ती गावाने तपासली, त्याला परत उभं राहू दिलं, बऱ्याच जणांनी त्यालाच मतही दिलं, आणि निकाल सगळ्यांनी मान्य केला. मला हवा असलेला विश्वास साधारण असा दिसतो. राजकारण्यावर डोळे झाकून ठेवायचा विश्वास मला नकोच आहे, तो आपल्याकडे साहेबांवर, दादांवर, ताईंवर ठेवून आपण काय मिळवलं ते आपल्याला माहीत आहे. आमच्या सांगलीकडच्या गावात ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा माझे वडील मागच्या रांगेतून उठून ट्रॅक्टरभाड्याची बिलं मागायचे, लोक वैतागायचे, म्हणायचे अण्णा, तुमचा सरपंचावर विश्वास नाही का. वडील म्हणायचे, आहे म्हणूनच त्याला विचारतोय, नसता तर कलेक्टरला विचारलं असतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान कीअर स्टार्मर यांना मिळालेल्या कपड्यांच्या, चष्म्यांच्या, मॅचच्या तिकिटांच्या भेटींवरून गदारोळ झाला. बहुतेक सगळं रीतसर नोंदवलेलं होतं, आणि मंत्री टीव्हीवर येऊन तेच म्हणाले, नियमात बसतं. नंतर त्यांनी ६,००० पौंडांहून थोडी जास्त रक्कम परत केली. मी त्या आठवड्यात बातम्या बघताना रडवेली झाले होते, खरंच, कारण हे लोक प्रामाणिकपणे वेगळं करायला आलेत असं मला वाटत होतं, अजूनही पूर्ण मावळलेलं नाही. हे आधीच कोणीतरी "नको, पंतप्रधानांनी स्वतःचे कपडे स्वतः घ्यावेत" असं म्हणायला काय हरकत होती? हे सांगायला कुठलंच पुस्तक लागत नाही.

आणि लॉर्ड्सकडे तर अजून कोणी नीट बघितलेलंच नाही. तिथल्या दोघांना त्याच खर्चाच्या प्रकरणात २०११ मध्ये तुरुंगवास झाला, त्याआधीच सुधारणा म्हणून २०१० मध्ये दिवसाला ३०० पौंडांचा सरसकट भत्ता आणला, आता तो वाढलाय. त्या दिवशीची हजेरी लागली की मागता येतो, पावती लागत नाही. हे सुटसुटीत आहे हे मला कळतं, पावत्या तपासायचा वैताग मी आयुष्यभर केलाय. पण किमान त्या दिवशी तिथे येऊन काय काम केलं, एवढी एक ओळ तरी त्या आकड्याशेजारी लिहायला लावा, माझी मागणी सध्या एवढीच आहे, आणि ती मी माझ्या खासदाराला लेखी कळवली आहे.